बारा वर्षांच्या मुलीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी?

लगेच कोणतीच घेऊ नका. सुरुवातीचे सहा महिने नेमबाजीच्या रेंजवरची क्लबची रायफल वापरू दे. आवड टिकते का ते कळेल आणि तिच्या अंगाला काय झेपतं तेही.

घ्यायचीच वेळ आली तर 10 मीटर प्रकारातली, 0.177 इंच म्हणजे 4.5 मिमी छर्‍याची एअर रायफल. स्पर्धेच्या नियमानुसार वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण बारा वर्षांच्या खांद्याला ते जड. ब्रँड नंतर बघा, आधी दस्ता, म्हणजे खांद्याला लावून धरायचा मागचा भाग, बघा: त्याच्या टोकाची खांद्याला टेकणारी पट्टी (बटप्लेट) आणि गाल टेकवायचा भाग कमी-जास्त करता आला पाहिजे, कारण पोरं वर्षात वाढतात. दस्ता लांब पडला की मूल पाठ मागे झुकवून तोल सांभाळतं, आणि ती खोड पुढे मोडता मोडत नाही. तिचा कोणता डोळा प्रबळ आहे, म्हणजे नेम धरताना आपोआप पुढाकार घेतो, तेही आधी तपासून घ्या. डावा असेल तर डावखुरी रायफल लागू शकते. हे दुकानदार सहसा विचारत नाही!

जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीवर सराव नको. घरी मोठ्यांच्या नजरेआड रायफल कधीच नको, आणि छर्रे वेगळ्या कुलपात.