मध्ययुगीन जपानमध्ये दरबारी व्यक्तिचित्रं कोण काढायचं, आणि कोणासाठी?

यातलं मोठं नाव फुजिवारा ताकानोबू (1142–1205). तो पेशाने चित्रकार नव्हताच. दरबारातला सरदार आणि कवी. हुबेहूब चेहरा काढायच्या या शैलीला ‘निसे-ए’ म्हणत.

1173 मध्ये निवृत्त सम्राट गो-शिराकावाच्या राणीसाठी बांधलेल्या वास्तूत दरबारी यात्रांची चित्रं रंगवली गेली. बाकीचं काम तोकिवा मित्सुनागाचं, चेहरे मात्र ताकानोबूचे. तेव्हाचा बडा सरदार कुजो कानेझाने रोजनिशीत लिहितो की आपण त्या यात्रांना नव्हतो, सुटलो! आपला खराखुरा चेहरा भिंतीवर दिसणं खानदानी लोकांना रुचत नसे. म्हणजे आश्रयदाता हौशी, पण ज्यांचे चेहरे काढायचे ते नाखूश.

ताकानोबूच्या मुलाचं नाव नोबुझाने. 1221 मध्ये युद्ध हरलेल्या निवृत्त सम्राट गो-तोबाने ओकी बेटावर हद्दपार होण्याआधी त्यालाच बोलावून स्वतःचं चित्र काढून घेतलं. मिनासे देवस्थानातलं चित्र तेच मानतात. डोळे-भुवया बारीक रेघांवर रेघा ओढून उभ्या केल्या आहेत.

क्योतोच्या जिंगोजी मंदिरातलं ‘योरितोमो’चं (कामाकुराचा पहिला शोगुन, म्हणजे लष्करी शासक) प्रसिद्ध चित्रही ताकानोबूच्या नावावर खपतं, पण 1995 पासून त्यावर वाद आहे. काही अभ्यासकांच्या मते ते 14व्या शतकातला शोगुन आशिकागा ताकाउजी याचा भाऊ तादायोशी याचं आहे. मला त्यांची बाजू जास्त पटते.