ठरवलेल्या खर्चाचा हिशेब कुणाला द्यावा?

प्रश्न : मी फोंड्याजवळच्या एका गावात राहतो आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीतील कंपनीत नोकरी करतो. वय 31, अविवाहित. घरी आई आणि मी. हातात 36,000 रुपये पगार येतो. पगार झाला की मोबाइलमध्ये रकाने पाडून महिन्याचे अंदाजपत्रक करतो, पण पंधरा तारखेच्या आतच ते विस्कटते आणि मग मी त्याकडे बघणेच सोडून देतो. कर्ज नाही, व्यसन नाही, तरी शिल्लकही राहत नाही. कुणीतरी जाब विचारणारे असावे, असे वाटू लागले आहे. हिशेब आईला दाखवावा की मित्राला?

उत्तर : अंदाजपत्रक कसे करावे हे आपल्याला ठाऊक आहे. अडते ते महिन्याच्या मधल्या दिवसांत, कारण तेव्हा त्या आकड्यांकडे आपल्याखेरीज कुणीही पाहत नाही. आपल्या वाड्यावरच्या एखाद्या महिला बचत गटाची मासिक बैठक जमल्यास पाहून या. ठरलेल्या दिवशी सगळ्या जणी एकत्र बसतात, प्रत्येकीची रक्कम सर्वांदेखत मोजली जाते, गटाच्या वहीत आणि तिच्या पुस्तिकेत नोंदली जाते आणि कर्जाचा हप्ता कुणाचा राहिला असेल तर तोही तेथेच वाचला जातो. वही उघडण्याचा दिवस आधीपासून माहीत असल्यामुळे रागावण्याची वेळ फारशी येत नाही. म्हणून जाब विचारणारा नव्हे, तर ठरल्या वेळी शांतपणे हिशेब ऐकून घेणारा माणूस आपल्याला हवा आहे.

ते काम आईला सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती आपल्या जादा खर्चावर पांघरूण घालील, नाहीतर मनातल्या मनात काळजी करीत बसेल. घरखर्चाचा एकूण अंदाज मात्र तिच्याबरोबर बसूनच ठरवावा, कारण घर तिचेही आहे. ज्या मित्राबरोबर आपण संध्याकाळी रस-ऑम्लेटच्या गाड्यावर उभे राहता, तोही नको. खर्चात ज्याचा वाटा असतो त्याला तो खर्च जास्त झाला असे म्हणणे जड जाते. कंपनीच्या बसमधून रोज बरोबर येणारा एखादा समजूतदार सहकारी किंवा संसार नेटका चालवणारा चुलतभाऊ या कामाला योग्य, आणि शक्य असल्यास त्यानेही आपला हिशेब आपल्याला द्यावा, म्हणजे एक जण तपासणारा आणि दुसरा आरोपी असे नाते निर्माण होणार नाही.

महिन्याअखेरीस हिशेब देऊन काही साधत नाही, कारण तोवर पैसे संपलेले असतात. रविवार सकाळसारखी आठवड्याची एक वेळ ठरवावी आणि तीनच आकडे सांगावेत : आठवड्यासाठी किती ठरवले होते, किती खर्च झाले, किती उरले. तेही बाहेरचे खाणे, पेट्रोल, कपडे, मोबाइलवरून केलेली खरेदी अशा आपल्या हातातल्या खर्चापुरते. पगार, बँकेतली एकूण शिल्लक, पिन, ओटीपी यांतले काहीही सांगण्याची गरज नाही. ऐकणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा, की पुढच्या आठवड्यात यातले काय बदलणार. खर्च पाचशे रुपयांनी वाढला असेल तर ती रक्कम पुढील दोन आठवड्यांत अडीचशे-अडीचशे करून भरून काढावी; सगळी एकदम कापली तर पुढचा आठवडाही मोडतो आणि आपण पुन्हा वही मिटून ठेवाल. जो आठवडा बिघडला असेल त्याचा हिशेब तर आवर्जून द्यावा, कारण आपली गाडी नेमकी तेथेच थांबते.

हे आकडे खरे निघावेत यासाठी एक व्यवस्था करावी लागेल. यूपीआय 2016 मध्ये आले, त्यानंतर पाकिटातल्या नोटा कमी होताना दिसण्याची आपली सवय हळूहळू सुटली. गाड्यावर साठ रुपये, पंपावर दोनशे, परतताना बेकरीत नव्वद. प्रत्येक वेळी कोड स्कॅन होतो, पण साडेतीनशे गेल्याचे मनात कोठेच नोंदले जात नाही. त्यासाठी एक वेगळे बचत खाते उघडून मोबाइलवरचे यूपीआय केवळ त्याच खात्याला जोडावे, पगाराच्या खात्यातून दर सोमवारी त्यात आठवड्याची रक्कम घालावी आणि रविवारी त्याचाच तपशील उघडून बसावे.

आता आपल्या पत्रात न आलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपले अंदाजपत्रक बारा महिने सारखे आहेत असे धरून केलेले दिसते, आणि गोव्यातल्या घरात तसे कधीच नसते. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा मासळीचा भाव चढतो. त्यापाठोपाठ चतुर्थी येते : माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळे-भाज्यांच्या मांडवीचे सामान, नेवऱ्या-करंज्यांचे साहित्य, रंगरंगोटी, कपडे, बहिणीचे नवे लग्न झाले असेल तर तिच्या सासरी पाठवायचे ओझे, म्हणजे सणाची भेट. मग जत्रा आणि लग्नसराई. यांतला कोणताही खर्च अचानक येत नाही, तरी तो त्या-त्या महिन्याच्या पगारावर पडतो आणि आपण स्वतःला बेशिस्त ठरवून मोकळे होतो. उदाहरणादाखल, चतुर्थीचे 20,000, आहेर-जत्रांचे 10,000 आणि दुचाकीचा विमा व दुरुस्ती यांचे 6,000 धरले तर वर्षाचे 36,000, म्हणजे दरमहा 3,000 रुपये होतात. पगार जमा होईल त्याच दिवशी ही रक्कम आपोआप वळती व्हावी, अशी सूचना बँकेला द्यावी. बँकेची बारा महिन्यांची आवर्ती ठेव यासाठी ठीक. पोस्टाची पाच वर्षांची असते, ती दूरच्या गरजेसाठी ठेवावी.

प्रश्न : आम्ही पेडणे तालुक्यात राहतो. माझे यजमान पर्यटकांची टॅक्सी चालवतात. ऑक्टोबर ते मे बऱ्यापैकी कमाई होते, पावसाळ्यात जवळजवळ काहीच नाही. मला गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला 1,500 रुपये मिळतात, तेवढाच नियमित पैसा. हिशेब विचारला की यजमान चिडतात. काय करावे?

उत्तर : दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाला रात्री जेवणाच्या वेळी हिशेब विचारला तर तो चिडणारच, तेव्हा ती वेळ आधी बदलावी. इंधन आणि गाडीचा हप्ता वजा जाता हंगामात महिन्याला 30,000 उरतात असे समजले, तर आठ महिन्यांचे 2,40,000 होतात आणि बारा महिन्यांत वाटल्यास घराला दरमहा 20,000 येतात. हे गणित दोघांनी एकदा कागदावर मांडावे. मग सगळी कमाई एका खात्यात जमा करून त्यातून घराला दर पहिल्या तारखेला तेवढाच ‘पगार’ काढावा, मे महिन्यात कितीही भाडी मिळाली तरी. या पगाराचा हिशेब यजमानांना आपण द्यावा आणि खात्यात किती जमा झाले ते त्यांनी आपल्याला सांगावे. आपण आधी सुरुवात केली तर त्यांना ती चौकशी वाटणार नाही. गृह आधारची रक्कम त्यात न मिसळता औषधपाण्यासाठी आपल्या खात्यात वेगळी राहू द्यावी.