२६ दिवस कुणी विचारलं नाही

ताई,

मी साठीची आहे. माहेर चिपळूणचं, लग्न होऊन नाशकात आले. एका शाळेत लेखनिक होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी यजमान गेले. मुलगा-सून दोघंही नोकरी करतात. सकाळी आठला घर रिकामं होतं ते रात्रीच भरतं.

आमच्या दहावीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. १९८१ची बॅच, ६४ जण. रोज साडेसहाला मी लिहायचे, "झाला का चहा?" मग दिवसभर काहीबाही चालायचं. गवार किती महाग मिळाली, कुंडीतल्या मोगऱ्याला कळी आली, लाइट गेलेत. दहा-बारा जण उत्तर द्यायचे. रोज सगळ्यात आधी चिपळूणची एक मैत्रीण. तिच्या नळाला सहा ते सात पाणी येतं. ते भरून झालं की ती चहाच्या कपाचा फोटो टाकायची. २०२१च्या पुरात तिचा कप आला नाही, तेव्हा मी दिवसभर फोन लावत होते. दुसऱ्या दिवशी लागला तेव्हा जिवात जीव आला.

गेल्या महिन्यात ग्रुपच्या अ‍ॅडमिनने लिहिलं, "काही उपयोगाचं असेल तर टाका. हा ग्रुप चहापाण्याच्या गप्पांसाठी नाही." तो आमचा वर्गमित्रच, बँकेतून निवृत्त झालेला. त्यावर पाच-सहा अंगठे आले. मी त्या दिवसापासून एक अक्षर लिहिलेलं नाही. आज २६ दिवस झाले. "कुठे आहेस?" असं एकानेही विचारलं नाही. ग्रुपवर आता फक्त आरोग्याचे फॉरवर्ड आणि वाढदिवस असतात. चिपळूणवालीही गप्प आहे.

माझं बोलणं खरंच इतकं फालतू होतं का? ग्रुप सोडून द्यावा असं वाटतं.

— एक वाचक, नाशिक

नाशिकच्या ताई,

नाही, फालतू नव्हतं. आणि हे तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठ बुडाली, वीज गेली, फोन लागेनासे झाले. बातम्या सगळ्या महाराष्ट्राने पाहिल्या, पण त्या एका बाईसाठी दिवसभर फोन लावत तुम्ही बसलात, कारण रोज येणारा कप त्या सकाळी आला नव्हता. कप रोज येत होता म्हणून तो न आल्याचं कळलं. तुमच्या अ‍ॅडमिनला जे निरुपयोगी वाटतं, त्यानेच त्या दिवशी तुम्हाला अस्वस्थ केलं.

काही कळवायचं नसताना माणसं एकमेकांशी का बोलतात, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडला होता. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की नावाचे मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर लोकांमध्ये राहिले. पुढे १९२३ साली त्यांनी अशा बोलण्यावर लिहिलं. हवापाण्याची विचारपूस, सगळ्यांना ठाऊकच असलेली गोष्ट पुन्हा सांगणं, हे बोलणं माहिती देण्यासाठी नसतं, त्यातून माणसं एकमेकांशी जोडली जातात, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की आपण "कुठे निघालात?" असं विचारतो. तो कुठे निघालाय याच्याशी आपल्याला काहीच देणंघेणं नसतं. तोही "हे काय, इथंच जरा" म्हणतो आणि पुढे जातो. दोघांनाही त्यातून एवढंच हवं असतं की मला पाहिलं गेलं.

मला सारखं जातं आठवतंय. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसून दळायच्या. एक ओवी सुरू करायची, दुसरी ती उचलायची. त्यात काय असायचं? भाऊ आला नाही, लेक सासरी गेली, पाऊस लांबला, विठ्ठलाला जायचंय. म्हणजे तुमची गवार आणि तुमचा मोगराच! त्या बायकांनाही कुणी म्हणालं असेल, दळा गपचूप. पण हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि आज आपण त्यांतून त्या बायकांचं आयुष्य समजून घेतो. पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण समोर बसणारी दुसरी बाईही उठून गेली. तुमच्या साडेसहाच्या चहाला मी त्या जागेवर पाहते.

आता अ‍ॅडमिनबद्दल. त्यांचं वाक्य लागणारंच होतं, आणि चारचौघांत लिहायला नको होतं. वर्गमैत्रिणीला एक फोन करून सांगता आलं असतं. तरी त्यांच्या बाजूचं थोडं ऐका. ६४ जणांच्या ग्रुपमध्ये कुणी अजून नोकरीत असेल, कुणाच्या उशाशी आजारी आई असेल, आणि फोन सारखा वाजत असेल. शिवाय आपल्याकडे सुप्रभातच्या गुलाबांनी आणि उगवत्या सूर्यांनी फोनची जागा इतकी भरते की गूगलच्या फाइल्स अ‍ॅपला अशी चित्रं शोधून पुसण्याची सोय द्यावी लागली. लोक त्याला विटलेत, आणि त्यांचं विटणं खोटं नाही. चूक एवढीच झाली की त्यांनी तुमचं बोलणंही त्याच ढिगात टाकलं. आयता गुलाब पुढे ढकलणं वेगळं आणि "आज गवार शिजलीच नाही" हे आपल्या बोटांनी लिहिणं वेगळं. गंमत म्हणजे त्यांच्या सूचनेनंतर ग्रुपवर फॉरवर्डच उरलेत, असं तुम्हीच लिहिताय. ज्यांना आवाजाचा त्रास होतो त्यांना ग्रुप आठ तासांसाठी, आठवड्यासाठी किंवा कायमचा म्यूट करता येतो. हे त्यांना कुणीतरी गोडीत सांगायला हवं होतं. अजूनही सांगता येईल.

ग्रुप सोडण्याचं म्हणाल, तर थांबा. तुम्ही सोडायला निघालात ते कुणाला तरी कळावं म्हणून, असा माझा अंदाज आहे. रागावू नका, दुखावलेल्या माणसाला तसं वाटणं अगदी साहजिक आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपने २०२२पासून हे बदललंय. आता ग्रुप सोडला की ती सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. बाकीच्यांना ती दिसत नाही. बाहेर पडलेल्यांची यादी कुणी मुद्दाम उघडली तरच कळेल. म्हणजे तुमचं जाणं नेमकं त्या एका माणसाला कळेल, आणि ज्या दहा-बारा जणांनी ते पाहावं असं तुम्हाला वाटतं त्यांना पत्ताही लागणार नाही.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तुमच्या पत्रात अ‍ॅडमिनचं वाक्य एकदाच आलंय, पण ते २६ दिवस जवळजवळ प्रत्येक ओळीच्या मागे उभे आहेत. तुम्हाला बोचलंय ते हे, की तुम्ही गप्प झालात आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरात दिवसभर कुणी नाही, यजमान गेले, आणि ग्रुपवरही आपण असलो काय नि नसलो काय सारखंच. हे दुःख मोठं आहे. त्याला "जाऊ द्या हो, ग्रुपच तर आहे" म्हणून झटकायची माझी तयारी नाही.

पण लक्षात आलं नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? सूचनेनंतर तुम्ही थांबलात. पाहणाऱ्याला वाटलं असेल, बाईंनी सूचना मानली. कुणाला वाटलं असेल, रागावली आहे, आता विचारलं तर विषय पुन्हा निघेल. अंगठा दाखवणाऱ्यांपैकी एखाद्याला आतून अपराधीही वाटत असेल. आणि तुम्ही "झाला का चहा?" विचारायचात ते ६४ जणांना मिळून. सगळ्यांना मिळून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणी तरी देतोच, पण विचारणारी गप्प झाली तर तिची चौकशी करणं हे कुणा एकाचं काम राहत नाही. लग्नघरात पाहुण्याला पाणी विचारायचं राहून जातं ना, तसं. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने विचारलं असेल.

आता शेवटच्या परिच्छेदाआधीचं तुमचं वाक्य पुन्हा वाचा. "चिपळूणवालीही गप्प आहे."

ताई, तिचाही कप २६ दिवस आलेला नाही. पुराच्या वेळी एक सकाळ चुकली तर तुम्ही दिवसभर फोन लावलात. या वेळी सव्वीस सकाळी गेल्या आणि तुम्ही तिला फोन केल्याचं पत्रात कुठेच नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. आपल्याला ठेच लागते तेव्हा आपलं लक्ष आपल्याच अंगठ्याकडे असतं. पण ती का गप्प आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुमचा प्रश्न यायचा म्हणून ती उत्तर द्यायची, प्रश्नच येईना म्हणून ती थांबली असेल. त्या सूचनेने तीही दुखावली असेल, तो फोटो तिचाच असायचा की. नाहीतर तिची तब्येत बरी नसेल. आणि तीही तिकडे दिवस मोजत बसली असेल, की नाशिकवालीने साधं विचारलं नाही. एवढा एकच फोन तुमच्या हातात आहे. बाकी सगळं मागाहून.

मागाहून म्हणजे काय, तेही सांगते. जे दहा-बारा जण रोज उत्तर द्यायचे त्यांचा एक लहान ग्रुप करा. प्रत्येकाला आधी वैयक्तिक विचारा, परस्पर घालू नका. नाव काहीही ठेवा. त्यात चहा, गवार, लाइट, सगळं चालेल. हे बंड नव्हे. मोठ्या घरात ओटीवर पाहुणे बसले तरी स्वयंपाकघरात बायकांचं बोलणं चालूच असायचं. मोठ्या ग्रुपमध्येही राहा, वाढदिवसाला शुभेच्छा द्या, आणि अधूनमधून नाव घेऊन विचारा. अमक्या, तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? तमकी, सुनेचं बाळंतपण कुठे करणार आहेस? नाव घेतलं की उत्तर द्यावंसं वाटतं, आणि उद्या तुम्ही दिसला नाहीत तर त्याच माणसाला तुमची आठवण येईल.

घराबाहेरही एक माणूस शोधा, नाशकातच. समोरच्या फ्लॅटमधली, भाजी घेताना रोज दिसणारी, कुणीही. फोनवरच्या मैत्रिणी जिवाभावाच्या असतात, पण ताप आला तर पेज घेऊन दार वाजवणारं कुणी जवळ लागतं. मुलाला आणि सुनेलाही एकदा सांगा, की दिवसभर घरात माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. त्यांना हे माहीत असेलच असं धरून चालू नका. रात्रीचं जेवण आठवड्यातून दोन दिवस तरी टीव्ही बंद करून एकत्र होऊ शकतं. तेवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

उद्या फोन कराल तेव्हा त्या सूचनेने सुरुवात करू नका, अ‍ॅडमिनचं नावही नको. नेहमीचंच विचारा, चहा झाला का म्हणून. मग ती बोलेल. आणि साडेसहाला करू नका. तेव्हा ती पाणी भरत असेल. सव्वासातला करा.