बेनिनच्या सरकारची आणि कायद्यांची खात्रीची माहिती ऑनलाइन कुठे मिळेल?

तुम्हाला एलएलएमच्या प्रबंधासाठी बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाचे कायदे आणि सरकारी निर्णय हवे आहेत. मी वकील नाही. चंदगड तालुक्यात आमचा काजूचा कारखाना आहे आणि नेमक्या याच विषयावरून आमच्या घरात अबोला आहे, म्हणून लिहितोय.

आधी पत्ता घ्या: एसजीजी डॉट जीओयूव्ही डॉट बीजे. मधला शब्द फ्रेंच आहे, त्यातला 'यू' गाळू नका. तिथल्या सरकारच्या महासचिवालयाची ही साइट. कायदे, डिक्री (कोर्टाची नव्हे, सरकारचे हुकूम), राजपत्र, मंत्रिमंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त, सगळं फुकट. बैठक बहुतेक बुधवारी असते आणि त्यात काय ठरलं ते लगेच वाचता येतं. आपल्याकडे एक जीआर शोधताना घाम फुटलेल्या माणसाला हेवाच वाटेल.

आता आमचं रामायण. इथली काजू बी कारखान्याला वर्षभर पुरत नाही, त्यामुळे बेनिन, आयव्हरी कोस्टची बी घ्यावीच लागते. 1 एप्रिल 2024 पासून कच्ची बी देशाबाहेर जाणार नाही, फोडायची ती इथेच, हे बेनिन सरकारने 2022 मध्येच जाहीर केलं होतं. कारखान्यांसाठी ग्लो-जिग्बेची औद्योगिक वसाहतही उभी राहत होती. म्हणजे लपवाछपवी काहीच नव्हती.

डिसेंबर 2023 मध्ये काका एप्रिलच्या मालासाठी दलालाला ॲडव्हान्स द्यायला निघाले. मी फोनवर भाषांतर करून छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. काका म्हणाले, "फ्रेंच वाचून बी फुटत नाही. तो माणूस वीस वर्षं तिकडे जातोय, त्याला कळत नाही आणि तुला कळतं होय?" दलालाचं म्हणणं, अशी आवई दरवर्षी उठते, तिकडे कायदा कागदावरच असतो. काकांनी मान डोलावली. कायदा कागदावरच असतो हे त्यांना पटणारच. त्यांच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे.

त्यातून माझं नशीब बघा. 'आव्होका' म्हणजे फ्रेंचमध्ये वकीलही आणि ॲव्होकॅडोही. दुसऱ्या एका कागदात फोनने वकिलांच्या फीचं ॲव्होकॅडोची फी करून दिलं. काकांनी तेवढंच लक्षात ठेवलं आणि गावभर सांगितलं.

एप्रिलमध्ये कंटेनर भरलाच नाही. निम्मा ॲडव्हान्स दिवाळीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी परत आला, उरलेला अजून 'येतोय'. ऐन पावसाळ्यात बायकांना तीन आठवडे कामाविना घरी बसवावं लागलं. काका अजूनही याला नशीब म्हणतात. मी नाही म्हणत.

तुमच्या प्रबंधापुरतं सांगतो. नुसतं 'बेनिन कोर्ट' शोधलंत तर निम्मे निकाल नायजेरियातल्या बेनिन सिटीचे येतील, त्या शहराचा या देशाशी संबंध नाही. 1975 पर्यंत देशाचं नाव दाहोमे होतं, तेव्हा जुने कायदे त्या नावाने शोधा. कंपनी, तारण, दिवाळखोरी, लवाद असले व्यापारी कायदे 'बेनिनचे' म्हणून शोधूच नका. ते ओहादा या आफ्रिकी देशांच्या संघटनेचे आहेत: 1993 चा करार, 17 देश, सगळ्यांना एकच कायदा, वरचं कोर्ट आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला. राज्यघटना 1990 ची, पण नेटवर फिरणारी प्रत बऱ्याचदा 2019 च्या दुरुस्तीआधीची असते. त्यात उपराष्ट्राध्यक्ष हे पदच सापडलं नाही तर ओळखा, जुनी आहे. राजधानी पोर्तो-नोव्हो, संसद तिथे. सरकारचा कारभार मात्र कोटोनूहून चालतो. घटना न्यायालयही कोटोनूलाच, त्याच्या निवाड्यांच्या क्रमांकाआधी 'डीसीसी' असतं, ती अक्षरं टाकून शोधा. इंग्रजीतल्या 'कंट्री प्रोफाइल'वर प्रबंध लिहिणार असाल तर न लिहिलेला बरा. फ्रेंच मूळ उघडा, भाषांतर फक्त दिशा कळण्यापुरतं. काजूचे कागद हवे असतील तर 'काजू'बरोबर 'अनाकार्द' हा काजूचा दुसरा फ्रेंच शब्दही टाका.

एक मात्र कबूल करायला हवं. साइटवर कायदा दिसतो, तो पाळला जातोय की नाही ते दिसत नाही. आयव्हरी कोस्टने रस्त्याने बी बाहेर न्यायला बंदी केली, तरी ती चोरून घानात जातेच. त्या बाबतीत दलालाचं अगदीच चुकलं नव्हतं. पण समुद्रमार्गे, रीतसर कागदांनिशी कंटेनर आणणाऱ्या माणसाने चोरवाटेच्या भरवशावर पैसे द्यायचे का, एवढंच मी त्या दिवशी विचारत होतो.

यंदा पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी काकांनी माझ्या मुलीला हाक मारली, "ते बुधवारचं फ्रेंच आलंय का बघ गं." मी तिथेच समोर बसलो होतो.