आईच्या नळीचं फीड आणि महिन्यात तिसऱ्यांदा जुलाब

प्रश्न : सिस्टर, अर्धांगवायू झाल्यापासून माझ्या आईला गिळता येत नाही, नाकातून नळी टाकलीय, घरी आम्ही दोघं पण नोकरीवर म्हणून तिला इथल्याच एका नर्सिंग होममध्ये ठेवलंय. परवा न सांगता गेले तर दिवसभराची पेज, दूध, डाळीचं पाणी सकाळीच मिक्सरला लावून जगमध्ये भरून टेबलावर ठेवलेलं, अन् सिरिंज एका ग्लासातल्या गढूळ पाण्यात बुडवलेली. महिन्यात तिसऱ्यांदा जुलाब लागलेत. विचारलं तर म्हणतात, नळीवाल्या पेशंटला असं होतंच. खरंच होतं का हो?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, जुलाब अँटिबायोटिकनं पण लागतात, काही सिरपनं पण लागतात, म्हणून डॉक्टरांना दाखवाच, पण "होतंच" हे मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असतो, सकाळची पेज दुपारी आंबली की आपण वासावरून ओळखतो, एक घास घेऊन ताट बाजूला सारतो. तुमच्या आईला ती चवच लागत नाही, जे सोडलं ते थेट पोटात. म्हणून घरगुती फीड दर वेळी ताजं करायला सांगा, बाहेर दोन तासांच्या वर, अन् अशा उन्हाळ्यात तासाभराच्या वर ठेवायचं नाही, फ्रीजमध्ये झाकून ठेवलं तरी 24 तासांत संपवायचं, अन् लाईट बराच वेळ गेली असेल तर सरळ फेकून द्यायचं, जीव तुटला तरी. पाणी उकळून गार केलेलंच, टँकरचं असेल तर जास्तच.

सिरिंज पाण्यात बुडवून ठेवणं म्हणजे जंतूंना घर करून देणं. दर फीडनंतर दट्ट्या काढून दोन्ही भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, उकळलेल्या पाण्यानं खळबळायचे, कोरडे करून झाकून ठेवायचे. सिरिंजवर आईचं नाव पाहिजे, दुसऱ्या पेशंटला ती चालणार नाही. देणाऱ्या मावशींनी आधी हात साबणानं धुतले का, ते तुम्ही उभं राहून बघा, राग आला तर येऊ द्या.

अजून एक, आडवं झोपवून फीड कधीच नाही! डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर, अन् नंतर तासभर तशीच, नाहीतर फीड उलटून फुफ्फुसात जातं अन् न्यूमोनिया होतो. नाकपुडीजवळ नळीवर खूण असते, ती सरकलेली दिसली तर फीड थांबवून आधी डॉक्टरांना बोलवायचं. हवा सोडून पोटातली गुडगुड ऐकली की नळी जागेवर, असं बरेच जण धरून चालतात, ते भरवशाचं नाही. फीडच्या आधी अन् नंतर साधारण 30 मिली पाणी सोडलं की नळी चोंदत नाही. तोंडानं खात नसल्या तरी दात-जीभ रोज पुसायलाच पाहिजे, हे सगळीकडं राहून जातं.

जुलाब चालू असताना लघवी कमी झाली, जीभ कोरडी पडली किंवा आई सुस्त वाटली तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टर. अन् फीड देताना खोकला सुटला, दम लागला तर तिथंच हात थांबवायला सांगा.