वाचकांचे प्रश्न : शॉर्टकटची यादी पाठ होत नाही

प्रश्न : नमस्कार सर. मी गावाजवळच्या जिनिंगमध्ये कापसाच्या आवकीची नोंद एक्सेलमध्ये करते. दसरा झाला की गाड्यांची रांग लागते. तारीख, गाव, शेतकऱ्याचं नाव, गाडी नंबर, वजन, दर, रक्कम असं सगळं माऊसनं एकेका खान्यात जाऊन भरते. संध्याकाळी मनगट ठणकते. भाच्यानं शॉर्टकटची भली मोठी यादी छापून भिंतीवर लावून दिली, पण ऐन वेळी एकही आठवत नाही जी. काय करू?
– एक वाचक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, ती यादी आधी भिंतीवरून काढा. मी आर्वीला टायपिंग शिकवत आलो आहे. मशीनवर बसलेल्या पोरांना मी बोटांकडे बघू देत नसे, नजर कागदावरच पाहिजे. तुमचंही तेच आहे. तुमची नजर काट्याच्या चिठ्ठीवर राहिली पाहिजे. माऊस धरला की ती चिठ्ठीवरून पडद्यावर जाते, बाण शोधते, परत येते, आणि तेवढ्यात १८.४० चं १४.८० होतं. ट्रॅक्टर घेऊन रात्रीपासून थांबलेल्या माणसाचे ते पैसे आहेत. शॉर्टकट शिकायचे ते यासाठी. वेग आपोआप येतो.

सुरुवात टॅबपासून करा. तारखेच्या खान्यात बसा आणि प्रत्येक खाना भरून टॅब दाबत उजवीकडे जा. रक्कम झाली की एंटर. कर्सर खालच्या ओळीत, थेट तारखेच्या खान्यात येऊन थांबतो, कारण टॅब कुठून सुरू केला होता हे एक्सेल लक्षात ठेवतं. मध्येच बाणाची कळ दाबली किंवा माऊसनं दुसरीकडे क्लिक केलं तर मात्र ते विसरतं. माझ्या मते तुमचं अर्धं काम इथंच हलकं होईल. आठवडाभर एवढंच करा, दुसरं काही शिकू नका.

मग तारीख. कंट्रोल धरून अर्धविरामाची कळ दाबा, आजची तारीख उमटते आणि तीच कायम राहते. काही जण तिथं टुडे हे सूत्र टाकून ठेवतात. ते आवकीच्या नोंदीत कधीही टाकू नका. फाईल उद्या उघडली की सगळ्या जुन्या गाड्यांवर उद्याची तारीख दिसेल.

एकाच गावच्या चार गाड्या लागोपाठ आल्या, तर गावाच्या खान्यात कंट्रोल + डी. वरचं नाव खाली येतं. रकमेच्या खान्यातही हेच चालतं, वजन गुणिले दर हे सूत्र उतरतं आणि त्या त्या ओळीचे आकडे घेतं. वजनाच्या आणि दराच्या खान्यात मात्र कंट्रोल + डी ला हात लावू नका, एकाच्या गाडीचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जाईल. गेलाच तर लगेच कंट्रोल + झेड.

नावातलं एखादंच अक्षर चुकलं असेल तर एफ२ दाबून तेवढंच सुधारा. नुसतं टाईप करायला लागलात तर पूर्ण नाव पुसलं जातं. काही लॅपटॉपवर एफ२ सोबत एफएन ही कळही धरावी लागते. मराठी-इंग्रजी बदलायला विंडोज + स्पेस, दिवसाची बेरीज करायला अल्ट आणि बरोबरच्या चिन्हाची (=) कळ. आणि गाडी काट्यावरून उतरली की कंट्रोल + एस, दर गाडीला. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही.

आकडे उजव्या हातानं नंबरपॅडवर, कंट्रोल डाव्या करंगळीनं. एवढं करूनही मनगटाचा ठणका आठ-दहा दिवसांत उतरला नाही, तर पांढरकवड्याला जाऊन डॉक्टरांना दाखवा. हंगाम संपायची वाट पाहू नका.