स्कूटरची मोटर एवढीशी, मग पंपाची एवढी का?

प्रश्न : आमच्या विहिरीवरची ५ एचपीची मोटर उचलायला दोन माणसं लागतात. मुलाच्या इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर त्यापुढे खेळण्यासारखी दिसते, पण ताकद म्हणे तेवढीच. मग पंपाला तशीच का बसवत नाहीत? आणि उन्हाळ्यात घाट चढताना स्कूटर मधेच ढिली का पडते?
— एक शेतकरी वाचक, वाळवा (सांगली)

उत्तर : मोटरी भरायच्या दुकानात हात काळे करून मी पुढे कारखान्यात डिझाइनला गेलो. दोन्हीकडे भांडण एकाच गोष्टीशी होतं, उष्णतेशी.

तुमच्या पंपाच्या रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागात, लोहचुंबक नसतो. त्याला चुंबकत्व येतं ते स्टेटरमुळे, म्हणजे भोवतीच्या न फिरणाऱ्या भागामुळे, त्याच्यात निर्माण होणाऱ्या करंटमधून, आणि तो करंट रोटरही तापवतो. स्कूटरच्या रोटरमध्ये बहुधा निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचे कायमचे चुंबक असतात. शिवाय बेल्ट किंवा गिअर असलेली मोटर मिनिटाला काही हजार फेरे घेते. फेरे वाढले की तेवढीच ताकद लहान देहातून निघते. पण देह लहान म्हणजे उष्णता बाहेर टाकायला अंगही लहान.

तांबं २० अंशांवरून १५० वर गेलं की त्याचा रोध जवळजवळ दीडपट होतो. म्हणजे तापलेली मोटर आणखी तापते. वाइंडिंगचं, म्हणजे गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचं, इन्सुलेशन एफ वर्गाचं असेल तर १५५ अंश सोसतं, एच वर्गाचं १८०. खरा नाजूक गडी चुंबक. साध्या निओडिमियमची मर्यादा साधारण ८० अंश. त्यापुढे वाइंडिंगचं उलटं चुंबकीय क्षेत्र त्याला कायमचं कमजोर करू शकतं, आणि मोटर थंड झाली तरी गेलेलं बळ परत येत नाही. म्हणून कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारी पेटी, तापमान बघून करंट आवरतो. तुमची स्कूटर घाटात ढिली पडते ती बहुतेक त्यामुळेच. ‘कंट्रोलरचं सेटिंग बदलून देतो’ म्हणणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

चुंबकाला उष्णता सोसवायची तर त्यात डिस्प्रोशियम नावाचा दुर्मिळ धातू घालतात. पण त्याचं चुंबकत्व लोखंडाच्या उलट दिशेने ओढतं, त्यामुळे चुंबकाचं बळच थोडं घटतं. आता ते सगळ्या अंगात न मिसळता फक्त चुंबकातल्या बारीक कणांच्या कडांवर मुरवतात. मला या धंद्यातली सर्वांत देखणी युक्ती हीच वाटते. अडचण मालाची. केरळ-ओडिशाच्या वाळूतल्या मोनाझाइट या खनिजामध्ये निओडिमियम आहे, डिस्प्रोशियम अगदी थोडं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि आपल्या दुचाकी कारखान्यांनाही झळ बसली.

फेरे वाढले की स्टॅम्पिंगही, म्हणजे ज्या पातळ पत्र्यांच्या थरांवर तार गुंडाळतात तेही, तापतात. त्यामुळे पंपाला अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चालतो, गाडीला त्याहून पातळ आणि महाग लागतो.

पंपाला चुंबकाची मोटर बसवता येते, वीजही वाचते. पण चुंबक महाग, वर कंट्रोलर हवा, आणि बिघडली तर गावात कोण बघणार? विहिरीवर वजन कुणाला नडतं? माझं मत विचाराल तर आहे तीच ठेवा. फक्त ती जळाली आणि भरायला दिलीत तर जुनी तार काढताना मोटर आगीत टाकू देऊ नका. स्टॅम्पिंगमधला इन्सुलेशनचा थर जळतो आणि नव्या वाइंडिंगची मोटरही पहिल्यापेक्षा जास्त तापते.